विश्लेषण : ‘हेवीवेट’ कॉटन स्वेटशर्ट इतका महाग का? समुद्रकिनारी तो खरेच उपयोगी आहे का?

विमानतळावरची दुकाने, परदेशी ब्रँडच्या जाहिराती आणि सुट्टीचे फोटो या तिन्ही ठिकाणी अलीकडे एक कपडा हमखास दिसतो. दुधी किंवा वाळूच्या रंगाचा, जाडजूड, सैलसर सुती स्वेटशर्ट. मागे निळे पाणी, पायात वाळू आणि अंगात हा. लेबलवर ‘हेवीवेट’, ‘४५० जीएसएम’, ‘लूपबॅक’, ‘लाँग स्टेपल’ असे शब्द, आणि किंमत दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत. मोठ्या फॅशन हाऊसचे नाव असेल तर ती लाखाच्या घरात जाते. साधा सुती स्वेटशर्ट हजार-दीड हजारात मिळत असताना हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? आणि गोवा-कोकणच्या दमट हवेत तो घालता तरी येतो का?

स्वेटशर्ट आला कुठून?

नावाप्रमाणेच तो घामाचा कपडा. १९२०च्या दशकापर्यंत अमेरिकेतील कॉलेजांत फुटबॉल खेळणारी मुले लोकरीच्या जर्सी घालत. त्या अंगाला टोचत आणि घामाने जड होत. अलाबामा राज्यात अलेक्झांडर सिटी येथे रसेल कुटुंबाची कापड गिरणी होती. मालकाचा मुलगा बेंजामिन स्वतः कॉलेजच्या संघातून खेळायचा. १९२६ मध्ये त्याने वडिलांना, बायकांच्या सुती अंतर्वस्त्रांच्या कापडातून सैल जर्सी शिवता येईल का, असे विचारले आणि त्यातून स्वेटशर्ट तयार झाला, अशी हकिकत सांगितली जाते. जुन्या स्वेटशर्टच्या गळ्याखाली त्रिकोणी तुकडा दिसतो. तो गळ्याशी येणारा घाम टिपण्यासाठी आणि डोक्यातून काढताना गळा ताणून फाटू नये म्हणून असे. आज बहुतेक ठिकाणी तो निव्वळ शोभेची शिलाई म्हणून उरला आहे.

दुसरी महत्त्वाची सुधारणा न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या चॅम्पियन कंपनीची. होजिअरीचे कापड धुतल्यावर उभे आटते आणि शर्ट आखूड होतो. चॅम्पियनने कापड आडवे फिरवून कापले, म्हणजे आटण्याची दिशा उंचीऐवजी रुंदीकडे गेली, आणि दोन्ही बाजूंना वेगळी लवचीक पट्टी जोडली. ‘रिव्हर्स वीव्ह’ म्हणून ती पद्धत १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध आहे. आजचे महागडे ‘हेवीवेट’ स्वेटशर्ट मोठ्या प्रमाणावर याच खेळाडूंच्या कपड्याची नक्कल आहेत.

‘हेवीवेट’ म्हणजे किती?

कापडाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचे भरते, यावर मोजतात. कारखान्यात त्यासाठी बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापणारे कटर असते. तुकड्याचे वजन ग्रॅममध्ये आले की त्याला शंभराने गुणायचे. साधा टी-शर्ट १४० ते १८० जीएसएमचा असतो. बाजारातला नेहमीचा स्वेटशर्ट २४० ते ३०० जीएसएम. त्यापुढे ३५० ओलांडले की ‘हेवीवेट’ म्हणायची पद्धत आहे आणि ४५०-५०० म्हणजे वरची पायरी. अमेरिकी ब्रँड औंसांत लिहितात. एक औंस प्रति चौरस यार्ड म्हणजे सुमारे ३४ जीएसएम, त्यामुळे १२ औंसांचे कापड साधारण ४०० जीएसएमचे झाले.

‘हेवीवेट’ या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. ३२० जीएसएमच्या कपड्यावरही तो छापता येतो. म्हणून शब्दापेक्षा आकडा पाहावा, आणि आकडाच दिलेला नसेल तर ते गैरसोयीचे म्हणून दिले नसावे, असे समजायला हरकत नाही.

वजन सारखे, मग दर्जात फरक का?

खरी गोष्ट इथे आहे. वजन वाढवणे सोपे असते. जाडेभरडे, आखूड धाग्याचे ओपन-एंड सूत घेऊन ४५० जीएसएमचे कापड करता येते. हातात ते भरीव लागते, दुकानात छाप पाडते आणि आठ-दहा धुलाईंत त्यावर गोळे येतात. चांगल्या कापडात वजन येते ते दाट विणीतून, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त टाके घालून. दोन्हींचा जीएसएम सारखाच. म्हणजे वजन हा दर्जाचा पुरावा नाही.

स्वेटशर्टच्या कापडात सहसा तीन धागे असतात. एक बाहेरच्या बाजूला दिसणारा, एक आतल्या बाजूला टॉवेलसारखे लूप करणारा आणि तिसरा या दोघांना बांधून ठेवणारा. आपल्याकडच्या होजिअरी धंद्यात याला ‘थ्री थ्रेड’ म्हणतात. आतले लूप तसेच ठेवले तर ते ‘लूपबॅक’ किंवा फ्रेंच टेरी. तारेच्या ब्रशने ओरबाडून लूप मोकळे केले की मऊ, केसाळ फ्लीस तयार होते. फ्लीस जास्त उबदार, पण ओरबाडण्यात धागे तुटतात, काही भाग धुलाईत गळतो आणि कापड हळूहळू विरळ होते. समुद्राकाठासाठी लूपबॅक बरे, कारण लूपमधून हवा खेळते आणि ओल्या अंगाचे पाणी ते टॉवेलसारखे टिपतात. फ्लीस ओल्या अंगाला चिकटते.

तिसरी गोष्ट यंत्राची. जपानच्या वाकायामा भागात ‘त्सुरी-आमी’ नावाची जुनी यंत्रे अजून चालतात. नावाचा अर्थच टांगून विणणे. आधुनिक गोल यंत्र तयार कापड खालून ताणून ओढते. या जुन्या यंत्रात कापड जवळजवळ स्वतःच्या वजनानेच खाली सरकते. वेग तासाला साधारण एक मीटर. ताण कमी असल्याने कापड फुगीर आणि मऊ राहते, धुतल्यावर कमी वाकडे होते. कापड नळीसारखे येत असल्याने बाजूला शिवण नसते, पण प्रत्येक मापासाठी वेगळ्या घेराचे यंत्र लागते. जर्मनीतील श्वाबियन आल्ब भागातही अशी यंत्रे जपली गेली आहेत. एका दिवसात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कपडे निघणार असतील तर किंमत चढणारच. इथे ग्राहक जास्तीचे पैसे देतो ते खऱ्या वेळेचे. मात्र ‘लूपव्हील’ हा शब्द आता जाहिरातीत सैलपणे वापरला जातो. बाजूला शिवण असेल तर एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

समुद्राशी याचा काय संबंध?

थंड समुद्रावर काम करणारे उबेसाठी सुती कपड्यावर सहसा विसंबत नसत. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाच्या नावाने ओळखले जाणारे कोळ्यांचे स्वेटर घट्ट विणलेल्या लोकरीचे. फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये खलाशांच्या गणवेशात आणलेला पट्ट्यापट्ट्यांचा शर्टही विणलेल्या कापडाचा, अंगाला घट्ट बसणारा. लोकर बरीच ओल शोषूनही आत उबदार राहते. कापसाचे तसे नाही. भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब काढून घेतो, म्हणून थंड मुलखातील गिर्यारोहक तो टाळतात.

विणलेले कापड समुद्रकिनारी ‘शौकीन’ झाले ते कोळ्यांमुळे नव्हे, सुट्टीवर येणाऱ्यांमुळे. गॅब्रिएल शनेल यांनी १९१३ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोव्हिल येथे दुकान उघडले. पॅरिसच्या श्रीमंतांचे ते सुट्टीचे गाव. तोवर प्रामुख्याने पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरले जाणारे जर्सीचे कापड त्यांनी बायकांच्या सैल, बाहेर मिरवण्याच्या कपड्यांसाठी वापरले. कष्टकऱ्यांचा किंवा खेळाडूंचा साधा कपडा उचलायचा, उत्तम मालात करायचा आणि समुद्राच्या पार्श्वभूमीवर विकायचा, हे शंभर वर्षांपूर्वीचे सूत्र. आजचा हेवीवेट स्वेटशर्ट त्याच वाटेने आला आहे.

पण त्यामागे हवामानाचेही कारण आहे, ते जाहिरातीत दिसत नाही. ज्या किनाऱ्यांसाठी हा कपडा तयार झाला तिथले समुद्र थंड आहेत. सॅन फ्रान्सिस्कोजवळ वाऱ्यामुळे वरचे पाणी बाजूला सरकते, खालचे थंड पाणी वर येते आणि भर जुलैत धुके पडते. दुपारचे तापमान विशीच्या आसपास, पाणी तेराच्या. इंग्लंडच्या कॉर्नवॉलला किंवा अमेरिकेच्या मेन राज्यात उन्हाळ्याची संध्याकाळ अशीच गार. पोहून बाहेर आलेल्या माणसाला तिथे जाड, वारा अडवणारे, पाणी टिपणारे काहीतरी अंगावर लागतेच. हवा कोरडी किंवा गार असताना ४५० जीएसएम कापूस उत्तम काम करतो.

मग गोवा, कोकणात?

इथे गणित उलटे होते. अरबी समुद्राचे पाणी आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असते. गोवा किंवा रत्नागिरीची जानेवारीतील रात्र साधारण एकोणीस-वीस अंशांपर्यंत उतरते. तेवढ्यासाठी २०० ते २५० जीएसएमचा पातळ स्वेटशर्ट पुरतो, अनेकांना तोही नको होतो. खरी अडचण दमटपणाची आहे. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला, कापूस वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आर्द्रता वाढली की कापसाचा हा आकडा चढत जातो. ८०० ग्रॅमचा सुती कपडा एकदा पूर्ण भिजला की स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी घेऊन बसतो. मग हर्णे किंवा काणकोणच्या खोलीत तो दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारू लागतो.

मीठही आड येते. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतली ओल ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते, तेच कपड्यात होते. समुद्राच्या पाण्याने भिजलेला कपडा उन्हात कडक वाळला तरी मीठ आतच राहते, आणि संध्याकाळी हवा दमट झाली की तो पुन्हा ओलसर, चिकट लागतो. कोकणातल्या रात्रींत आर्द्रता या पातळीवर सहज असते.

तरीही प्रवासात जाड स्वेटशर्ट निरुपयोगी नाही. तो लागतो समुद्रापेक्षा वातानुकूलनात. रात्रीची बस, रेल्वेचा एसी डबा, विमान, हॉटेलचे सभागृह. डिसेंबर-जानेवारीत पहाटे डॉल्फिन बघायला निघालेल्या होडीतही अंगावर गार वारा येतो. फक्त सामानाचा हिशेब करावा. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेची मर्यादा साधारण सात किलो. त्यातला जवळपास नववा हिस्सा एका स्वेटशर्टला देण्यापेक्षा तो अंगात घालून चढणे शहाणपणाचे, आणि बहुतेक प्रवासी तेच करतात.

‘लाँग स्टेपल’, ‘इजिप्शियन’, ‘सी आयलंड’ ही नावे किती मोलाची?

कापसाच्या तंतूची लांबी जितकी जास्त तितके सूत बारीक, मजबूत आणि कमी केसाळ होते. विदर्भ-मराठवाड्यातील बहुतेक कापूस २९-३० मिलिमीटरच्या आसपासचा. अतिलांब धाग्याचा कापूस वेगळ्या जातीचा, ‘गॉसिपियम बार्बाडेन्स’. इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा हे त्यातलेच. ‘सी आयलंड’ हे नाव तर थेट समुद्राचे. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया राज्यांच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर गुलामांच्या कष्टावर तो पिकवला गेला, आणि १९२०च्या सुमारास बोंडातल्या भुंगेऱ्याने तिथला धंदा संपवला. आज तो वेस्ट इंडिजमध्ये अगदी थोडा होतो. त्याच कुळातला भारतीय वाण म्हणजे सुविन. कोईम्बतूरच्या केंद्रात सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या वाणांच्या संकरातून १९७०च्या दशकात तो तयार झाला आणि दोघांच्या नावांतून त्याचे नाव पडले. तो दक्षिणेत फारच कमी क्षेत्रावर होतो. त्यामुळे भारतीय गिरण्या असा कापूस बाहेरून आणतात. ३२ मिलिमीटरहून लांब कापसावरील आयातशुल्क केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून टाकले ते यासाठीच.

पण अतिलांब धाग्याचा खरा फायदा तलम कापडात असतो, बारीक शर्टिंगमध्ये किंवा चादरीत. हेवीवेट स्वेटशर्टचे सूत जाड असते. तिथे ३० मिलिमीटरचा स्वच्छ, कोम्ब्ड केलेला कापूस जवळपास तेच काम करतो. फरक पडतो, पण किमतीत दाखवला जातो तेवढा नाही. आपल्या कापसाचे दुखणे लांबीपेक्षा भेसळीचे आहे. वेचणीपासून जिनिंगपर्यंत त्यात केस, पिशव्यांचे प्लास्टिक धागे, पालापाचोळा मिसळतो आणि रंगवल्यावर कापडावर ठिपके दिसतात.

लेबलवर किती विसंबावे, याचे उदाहरण २०१६ मधले आहे. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने वेलस्पन इंडियाशी व्यवहार थांबवला, कारण ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून विकलेल्या साडेसात लाखांच्या आसपास चादरी आणि उशांचे अभ्रे वेगळ्याच कापसाचे असल्याचे तिला आढळले. प्रकरण स्वेटशर्टचे नव्हते, पण विणून-रंगवून झाल्यावर कापसाचे मूळ नुसत्या डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाही, हे त्यातून सर्वांना कळले.

पंधरा हजारांतले शेतकऱ्याला किती?

मध्यम मापाचा ४५० जीएसएमचा स्वेटशर्ट साधारण ८०० ग्रॅमचा भरतो. कापणीत, सूतकताईत आणि कोम्बिंगमध्ये जाणारी घट धरली तर त्यासाठी सव्वा किलोच्या आसपास रुई लागते. जिनिंगमध्ये कापसातून रुई निघते तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर, बाकी सरकी. म्हणजे एका स्वेटशर्टला सुमारे पावणेचार किलो कापूस. २०२५-२६च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. हिशेब येतो तीनशे रुपये. त्यातही सरकीचे पैसे धरलेले आहेत, आणि खुल्या बाजारात हमीभाव मिळतोच असे नाही.

आता दुसरी बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. करासह पंधरा हजारांना मिळणाऱ्या स्वेटशर्टमध्ये सुमारे २,२९० रुपये कर असतो. यवतमाळचा कापूस त्यात असेल तर शेतकऱ्याच्या वाट्याच्या सातपटीहून अधिक. दोन्ही मिळूनही पंधरा हजारांतले सुमारे बारा हजार चारशे उरतातच. त्यातून सूत, विणाई, रंगाई, शिलाई, वाहतूक, दुकानाचे भाडे, जाहिरात आणि नफा निघतो. मंद यंत्रावर विणलेल्या, थोड्या संख्येने शिवलेल्या कपड्यात विणाई-शिलाईचा भाग खरोखर मोठा असतो. फक्त छातीवरचे नाव महाग असेल तर तो तसा नसतो.

रंगाईचाही एक हिशेब आहे. ती किलोवर चालते, त्यामुळे जाड कपड्याला पातळापेक्षा दुप्पट पाणी आणि रंग लागतो. देशाच्या सुती होजिअरी निर्यातीतला निम्म्याहून अधिक वाटा असलेल्या तिरुपूरने याची किंमत पाहिली आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये तिथले रंगाई कारखाने बंद झाले, आणि सांडपाणी बाहेर न सोडता फिरवून वापरण्याची यंत्रणा बसवल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. एक किलो कापसाला दहा हजार लिटर पाणी लागते हा नेहमीचा आकडा मात्र जागतिक सरासरीचा आहे. विदर्भातला बहुतांश कापूस पावसावर येतो, त्याला तो जसाच्या तसा लावणे बरोबर नाही.

घेताना काय पाहावे?

आधी कपडा उलटा करावा. आतले लूप एकसारखे आणि दाट हवेत. घटक पाहावेत, कारण जाड स्वेटशर्टमध्ये आतला लूपचा धागा अनेकदा पॉलिएस्टरचा असतो आणि लेबलवर ८०-२० असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मनगटाची रिब ताणून सोडावी, ती लगेच जागेवर आली पाहिजे. शिवणी चपट्या, फ्लॅटलॉकच्या असतील तर खांद्यावर बॅग अडकवल्यावर टोचत नाहीत. बाजूची शिवण सरळ खाली येते की पुढे वळते, हेही पाहावे. न धुतलेल्या नव्या कपड्यातच ती वळत असेल तर पुढे आणखी वळणार. ऑनलाइन घेतला असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. मध्यम मापाचा, टोपी नसलेला स्वेटशर्ट ‘४५० जीएसएम’ असूनही साडेपाचशे ग्रॅमच भरत असेल, तर कुठेतरी गडबड आहे.

समुद्रावरून आल्यावर तो त्याच दिवशी गोड्या पाण्यात बुडवून पिळावा, म्हणजे मीठ निघते. धुताना उलटा करून गार पाण्यात. हँगरला टांगला तर ओल्या वजनाने खांदे ओघळतात, म्हणून दांडीवर मधोमध टाकून किंवा खाटेवर पसरून, वाऱ्याच्या जागी सावलीत वाळवावा. कोकणात त्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत. परतीच्या आदल्या रात्री धुवायला काढू नये.